टाच खाली

माथेरानला मोटार जात नाही. दस्तुरीला गाडी सोडायची आणि पुढे लाल मातीतून पायी, नाहीतर घोड्यावरून. माझं आजोळ तिथलं, त्यामुळे घोडा ही मला आधी गरज म्हणून कळली आणि हौस म्हणून नंतर. पाहुण्यांना पोचवून परतताना एखादा घोडेवाला स्वतः वर बसे, तेव्हा मी त्याचे पाय बघत राही. पायात रबरी चप्पल, रिकिबीवर नुसता चवडा टेकलेला, टाच आपसूक खाली गेलेली. घोड्याच्या पावलागणिक त्याचा घोटा किंचित दबे आणि सुटे. मुंबईहून आलेल्या पाहुण्यांचे घोटे मात्र ताठ, आणि उतरल्यावर तेच पाहुणे लंगडत हॉटेलात शिरत.

कॉलेजात एनसीसीच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी तुकडीत नाव घातलं. घोडदळातून निवृत्त झालेले एक रिसालदारसाहेब शिकवायला होते. मैदानाच्या मधोमध उभे राहून ते एकच गोष्ट ओरडत, ‘एडी नीचे!’ आम्ही सगळी पोरं जिवाच्या आकांताने टाचा दाबत असू. संध्याकाळी घोट्याची बाहेरची बाजू ठणकायची, जिना उतरताना आडवे पाय टाकावे लागायचे. मग एके सकाळी साहेबांनी सगळ्यांच्या रिकिबी काढून घेतल्या. रिकीब नाही म्हणजे दाबायला काही नाही. पाय लोंबकळू लागले, मांड्या काम करायला लागल्या, आणि बऱ्याच दिवसांनी रिकिबी परत मिळाल्या तेव्हा टाचा न सांगता खाली गेल्या होत्या.

त्यामागचं कारण सरळ आहे. टाच जोराने दाबली की पोटरी आवळते, गुडघा ताठतो, पाऊल पुढे सरकतं आणि मांड सुटते. दुडक्या चालीत घोडा एकाच बाजूचे नव्हे, तिरपे दोन पाय एकदम टाकतो. एका ठोक्याला स्वार उठतो, दुसऱ्याला बसतो. हा सगळा चढउतार घोट्याने झेलायचा असतो. तो कडक असला तर धक्का तिथे जिरत नाही, वर गुडघ्यात आणि कमरेत जातो. टाच खाली घालायची नसते, जाऊ द्यायची असते. अंगाचं वजन तिला खाली नेतं. ग्रीक सेनानी झेनोफनने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अश्वारोहणावर लिहून ठेवलं आहे, त्यातही गुडघ्याखालचा पाय सैल सोडावा असं सांगितलंय. त्याच्या काळी ग्रीसमध्ये रिकीब नव्हतीच. ते वाचलं तेव्हा मला आमचे रिसालदारसाहेब आठवले आणि त्यांच्याबद्दलचा आदर आणखी वाढला.

पुढे नोकरी, संसार, खुर्ची. खुर्चीचा दोष मी गंभीरपणे मांडते आहे. माझी आजी चुलीपुढे, भांड्यांपुढे, न्हाणीत, दिवसातून कितीतरी वेळा उकिडवी बसायची. टाचा जमिनीला टेकलेल्या आणि गुडघे छातीशी, म्हणजे घोटा पुढच्या अंगाला पुरता वाकलेला. माझ्या पिढीने ते बसणं सोडलं आणि घोट्याची ती हालचालच रोजच्या जगण्यातून गेली. पुण्यात पुन्हा घोड्यावर बसू लागले तेव्हा टाचेमागची जाड शीर सकाळी अशी धरायची की पलंगावरून उतरून पहिली पावलं चवड्यावरच टाकावी लागत.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला दवाखान्याच्या जिन्यावरच नेलं. कठडा धरायचा, चवडे पायरीच्या कडेवर, टाचा हवेत. दोन्ही पायांवर वर उठायचं आणि दुखऱ्या पायावर हळूहळू खाली यायचं, टाच पायरीच्या पातळीखाली जाईपर्यंत. आधी गुडघा सरळ ठेवून, मग तोच व्यायाम गुडघा वाकवून. पोटरीतला वरचा स्नायू गुडघ्याच्या वरून सुरू होतो, आतला गुडघ्याच्या खालून. म्हणून गुडघा वाकवल्याशिवाय आतल्याला पुरता ताण बसत नाही. स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन या डॉक्टरांनी 1998 साली याच शिरेच्या दुखण्यावर हा क्रम मांडला: 15 वेळा, असे 3 फेरे, दिवसातून दोनदा, 12 आठवडे. कंटाळवाणा आहे, पण मला त्यानेच बरं वाटलं. घोट्याच्या बाहेरच्या अंगासाठी बाईंनी रबराचा पट्टा दिला, पाऊल बाहेर वळवून तो ताणायचा. शिवाय दात घासताना एका पायावर उभं राहायला सांगितलं. एक गोष्ट मात्र त्यांनी बजावली. पाय मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाची मागची कड दाबल्यावर दुखत असेल, तर आधी एक्स-रे, मग व्यायाम.

तरी डावा घोटा कुरकुरत राहिला. त्याचं उत्तर तबेल्यातल्या सईसदादांनी दिलं. रिकिबीचा पट्टा लांब असला की स्वार चवड्याने रिकीब शोधत राहतो आणि टाच वर उचलली जाते. बोटांची टोकं पट्टा अडकतो तिथे ठेवली, तर रिकीब साधारण काखेपर्यंत यायला हवी. माझी पार खाली लोंबत होती. पट्टा नवा, कडक, तोही पाऊल सतत आत पिळत होता. दादांनी तेल लावून तो मऊ केला. रात्री खोगीर ठेवताना दोन्ही रिकिबी बाहेर वळवून त्यांतून एक काठी आरपार घातली, म्हणजे चामड्याला तसं वळण लागतं. हे सगळं ते बोलत बोलत, एका हाताने घोड्याची मान थोपटत करत होते.

आता दर रविवारी तिथे शिकायला येणाऱ्या मुलांचे घोटे मी बघते. पहिल्या दिवशी निम्म्या मुलांना टाचा टेकून उकिडवं बसता येत नाही, मागे कलंडतात. आठ-दहा वर्षांची मुलं ही! पालकांना घाई असते, फोटोसाठी मूल लगेच घोड्यावर हवं असतं, आणि मी त्यांच्याशी त्यावरून स्पष्ट बोलते. मुलांना खांब धरून बसवते, टाचांखाली घोंगडीची घडी देते. घडी आठवड्यागणिक पातळ होत जाते. ती काढली तरी मूल टाचा टेकून बसलं, की मग रिकीब.