मिगचा टी-शर्ट

परवा नातू नवा टी-शर्ट घालून आला. छातीवर मिग-२१ चं मोठ्ठं चित्र, खाली लिहिलेलं १९६३-२०२५. "आजी, कसा आहे?" "छान आहे रे," म्हटलं. पण नजर त्या आकड्यांवरच. पेपरात श्रद्धांजलीच्या चौकटीत असतात ना, अगदी तस्से!

त्याला सगळं पाठ. १४ डिसेंबर १९७१ ला मिगनी ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर हल्ला केला नि त्याच दिवशी गव्हर्नरांनी राजीनामा दिला. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला या विमानाला निरोप दिला. तो सांगत होता, मी ऐकत होते.

मला आठवत होता माझा दादा. नाशिकजवळ ओझरला ही विमानं बनायची, त्या कारखान्यात तो होता. फुशारकी कधी मारली नाही. मिग पडल्याची बातमी आली की आधी एवढंच शोधायचा, पायलट वाचला का? वाचला नसेल तर त्या दिवशी जेवताना एक शब्द बोलायचा नाही. आणि अशा बातम्या थोड्या का आल्या? कितीतरी तरुण मुलं गेली...

नातवाला हे सांगितलं. जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग घालू नको का?"

"घाल की! तुझ्या मामाआजोबांनीही घातला असता. फक्त कुणी विचारलं, तर ढाक्याबरोबर त्या मुलांचंही सांग."

असो. टी-शर्ट मीच धुतला. उलटा करून, सावलीत वाळत घातला. चित्र टिकायला हवं.