फोल्सम रस्त्यावरची एक रात्र

सॅन फ्रान्सिस्कोला गेलेला मराठी माणूस गोल्डन गेटचा पूल पाहतो, केबल कारला लोंबकळतो आणि घरी परतल्यावर तिथल्या ऐन उन्हाळ्यातल्या थंडीची तक्रार करतो. मार्केट स्ट्रीटच्या दक्षिणेला तो सहसा फिरकत नाही. ही मूळची गोदामांची आणि गॅरेजांची वस्ती. १९६०च्या दशकाच्या आरंभी इथे कातडी जाकिटे घालणाऱ्या पुरुषांचा 'टूल बॉक्स' नावाचा बार निघाला. १९६४ साली 'लाइफ' साप्ताहिकाने त्याचे छायाचित्र छापले आणि चोरून जमणारी ही जमात अमेरिकेच्या घरोघरी पोचली. १९८४ पासून सप्टेंबरात फोल्सम रस्त्यावर त्यांची जत्रा भरते. २०१८ साली तर शहराने या भागाला सांस्कृतिक वस्ती म्हणून रीतसर मान्यताही दिली.

माझी कॉलेजातली मैत्रीण त्या शहरात परिचारिका आहे. महिन्यातून एका शनिवारी ती या वस्तीत स्वयंसेविका म्हणून जाते. कुठे, असे विचारले तेव्हा म्हणाली, "प्ले पार्टीला. येतेस?"

प्ले म्हणजे खेळ. आपणही नाटकाच्या प्रयोगाला खेळच म्हणतो, म्हणून शब्द परका वाटला नाही. पुढचे मात्र वाटले. दोराने बांधून घेणे, चाबकाचे फटके देणे वा घेणे, घटकाभर दुसऱ्याच्या हुकमतीत राहणे, यात ज्यांना सुख वाटते अशी सज्ञान माणसे तिथे एका छपराखाली जमतात. वाचकांच्या भुवया उंचावल्या असतील. माझ्याही उंचावल्या होत्या. तशाच घेऊन मी गेले.

दारात ओळखपत्र पाहून वयाची खात्री झाली, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लागली. मग एका प्रौढ बाईंनी आम्हा नवख्यांना बसवून नियम सांगितले. विचारल्यावाचून कोणाला हात लावायचा नाही. कोणाच्या सामानालाही नाही. चाललेल्या खेळात तोंड घालायचे नाही. कोणी 'लाल' म्हटले की सारे जागच्या जागी थांबले पाहिजे, 'पिवळा' म्हटले की सबुरीने. चौकातल्या दिव्यांचीच भाषा. दंडाला पट्टी बांधलेले स्वयंसेवक फेऱ्या घालीत होते. विद्यापीठाच्या परीक्षेलाही असा बंदोबस्त मी पाहिलेला नाही.

आत मंद दिवे, आणि एका टेबलावर द्राक्षे, बिस्किटे, पाण्याच्या बाटल्या. कोपऱ्यात साठीचे एक गृहस्थ तागाचा दोर उलगडीत एका तरुणीशी बोलत होते. कोणता खांदा दुखतो? औषधे चालू आहेत का? कुठे हात लागलेला चालणार नाही? मुंग्या आल्या तर कसे कळवशील? त्यांच्या कमरेला बोथट टोकाची कात्री होती, वेळ पडल्यास दोर कापायला. हे बोलणे इतका वेळ चालले की खेळ राहिला बाजूला असे मला वाटू लागले. मग त्यांनी, आजी गोधडीला टाके घालते तशा निगुतीने, तिला बांधले. सोडल्यावर तिच्या अंगावर पांघरूण घातले, पाणी दिले, चॉकलेटचा तुकडा दिला आणि ते गप्प शेजारी बसून राहिले. आपल्याकडे लग्नाआधी पत्रिका पाहतात, मानपान ठरतो, साड्यांचा पोत ठरतो. या दोघांनी तासाभरासाठी जे विचारून घेतले, ते मला जन्मात कोणी विचारलेले नाही.

सगळेच गोड वाटले असे मात्र नाही. चाबकाच्या दालनात मी फार वेळ उभी राहू शकले नाही. त्या आवाजात माझ्या कानांना खेळ ऐकू येईना. आणि नियम आहेत म्हणून माणसे देवमाणसे होत नाहीत. मैत्रिणीने स्वतः दोघातिघांना बाहेरची वाट दाखवलेली आहे.

त्या रात्री 'कन्सेंट' हा शब्द किती वेळा कानांवर पडला याची गणती नाही. मराठीत आपण त्याला संमती म्हणतो. वर्गात मी हा शब्द उच्चारते तो १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यापुरता. मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा झाले, तेवढ्यावर पुण्यात केवढे रण माजले! त्याआधी, १८८७ साली, रखमाबाईंना न्यायालयाने फर्मावले होते: नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर तुरुंगात. त्या तुरुंगाला तयार झाल्या. आमची मुले हे पाच गुणांच्या टिपेसाठी पाठ करतात.

या विचारात मी द्राक्षांपाशी उभी असता एक उंच तरुण अदबीने जवळ आला. नुसत्या मनगटाला दोर बांधून दाखवू का, असे त्याने विचारले. मी म्हटले, "नको." "सांगितल्याबद्दल आभारी आहे," असे म्हणून तो चार द्राक्षे घेऊन निघून गेला. मी उभीच. आग्रहाच्या मुलखात वाढलेली बाई मी! आमच्या पंगतीत पहिल्या 'नको'ला जिलबी थांबत नाही, दुसऱ्याला दोन पडतात, पानावर आडवा हात धरला तर हातावर पडते. सासरी माझ्या 'नको'चा अर्थ वीस वर्षे इतरांनीच लावला. दुसऱ्यांदा विचारायला कोणी येईना, तेव्हा माझे उत्तर खरोखरच स्वीकारले गेले आहे हे ध्यानात यायला मला अंमळ वेळ लागला.

घरी पोचायला दीड वाजला. धुके दाटून आले होते. बूट काढता काढता मैत्रिणीने विचारले, "चहा टाकू?"

"नको गं, एवढ्या रात्री कशाला."

"बरं," म्हणाली आणि स्वयंपाकघरातला दिवा मालवून निजायला गेली. चहा मला हवा होता.