टोपी, मटका आणि बावीस पाने

फुटबॉल वर्ल्डकप आला की ऑफिसात सगळेच तज्ज्ञ होतात. त्यात कानावर पडणारा एक शब्द म्हणजे 'हँडिकॅप'. तगड्या संघाचा एक गोल आधीच वजा धरायचा, म्हणजे त्याच्यावर लावलेले पैसे सुटायला तो दोन गोलांनी जिंकायला हवा. शब्द आला 'हँड इन कॅप' या सतराव्या शतकातल्या इंग्रजी खेळावरून. दोघं वस्तूंची अदलाबदल करायचे, फरकाचे पैसे किती ते तिसरा ठरवायचा आणि सौदा पटला की नाही ते टोपीत हात घालून सांगायचं. थोडक्यात, तोल साधायची भानगड!

आमच्या खोपोलीत टोपी नाही, मटका. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात उघडताना आणि बंद होताना जे भाव असत, ते टेलिप्रिंटरवर मुंबईत यायचे आणि लोक त्यावर आकडा लावायचे. १९६१ मध्ये ते थांबलं. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगतने वरळीत मटका सुरू केला, १९६४ मध्ये रतन खत्रीने आपला वेगळा. आधी मटक्यातून चिठ्ठ्या, पुढे पत्ते. मटका गेला, नाव राहिलं. कापूसही गेला, पण 'ओपन' आणि 'क्लोज' अजून तोंडात आहेत. गिरणगावातला कामगार दिवसभर कापसात आणि संध्याकाळीही एका अर्थी कापसातच. असो.

आमच्या शेजारचे काका कारखान्यातून रिटायर झालेले. माझ्यासमोर वही ठेवून म्हणाले, "तू कम्प्युटरवाला ना? मागचे आकडे टाक, उद्याचा ओपन काढ."

म्हटलं, "काका, बसा." ३, ५, ६ असे तीन पत्ते आले तर बेरीज १४, म्हणून ओपन ४. त्या तिघांचा मिळून एक पाना. असे एकूण २२० पाने, प्रत्येक आकड्याच्या वाट्याला बरोब्बर २२. कुठलाच आकडा लाडका नाही, आणि कालचा आकडा उद्याच्याला ओळखतही नाही. वर दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावलात तर हातात येणार साधारण नऊ. इथे तोल साधणारा तिसरा माणूसच नाही!

काकांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे चारालाही बावीस आहेतच ना?"

आत काकी तांदळाच्या डब्यातले गॅसचे पैसे काढून दुसरीकडे ठेवत होत्या.