तळ्याचं रीळ

आमच्याकडे मासे गरवायला रीळ लागत नाही. तंगूस रिकाम्या बाटलीला गुंडाळायचा, टोकाला शिसं आणि गळ, गळाला कोळंबी, आणि डोक्यावर गरगर फिरवून द्यायचा फेकून. रत्नागिरीत अशीच गरी टाकत मी म्हातारा झालो. इतिहास आणि मराठी शिकवलं, निवृत्त झालो. मासा ओढतोय की गळ खडकात अडकलाय हे तर्जनीला कळत होतं, आणखी काय हवं?

तीन वर्षांपूर्वी नातवानं इंग्लंडहून रीळ पाठवलं. मुलीचा मुलगा, यॉर्कशायरमध्ये वाढलेला, कार्पच्या मागे वेडा. कार्प म्हणजे आपल्या बाजारातला सायप्रिनस, रोहू-कटल्याचा भाऊबंद. ही मंडळी तळ्याकाठी तंबू ठोकून रात्र-रात्र बसतात, मासा पकडतात, ओल्या गादीवर ठेवून फोटो काढतात आणि परत सोडतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हिला वाटलं, पोराचं मराठी चुकलं असणार.

खरं सांगायचं तर त्याच्याशी फोनवर बोलायला मला विषयच नसायचा. "कसा आहेस?" "बरा आहे. तुम्ही?" की संपलं. रिळानं तो विषय दिला. रविवारी तो अर्धा-अर्धा तास शिकवायचा आणि मी वहीत टिपणं काढायचो! ड्रॅग म्हणजे रिळाचा लगाम. तंगूस १५ पौंडांचा असेल तर तो ४-५ पौंडांच्या ओढीला सुटला पाहिजे, ताणकाट्यानं मोजून बघायचं. मासा तंगूस घेऊन पळत असताना मूठ फिरवायची नाही, नुसता पीळ बसतो. चकरीवर तंगूस काठोकाठ भरायचा नाही, कडेला नाण्याच्या जाडीएवढी जागा सोडायची. त्या रिळाला मागे एक खटका होता. तो दाबला की कार्प आमिष घेऊन निघाला तरी तंगूस मोकळा सुटत राहतो, काठी पाण्यात खेचली जात नाही. मूठ फिरवली की खटका आपोआप पडतो आणि खरा लगाम लागतो.

या जातीच्या रिळाचं पेटंट १९०५ साली इलिंगवर्थ नावाच्या गृहस्थांनी घेतलं. ब्रॅडफर्डचे, लोकरीच्या धंद्यातले. गिरणीतल्या कांडीवरून त्यांना ते सुचलं असं सांगतात. चकरी फिरत नाही, तंगूस तिच्या टोकावरून सुटत जातो. हे ऐकून मी थबकलोच. माझे वडील परळच्या एका गिरणीत साच्यावर होते. धोट्यातल्या कांडीवरून सूत असंच सुटतं, हे त्यांनी मला लहानपणी हातात कांडी देऊन दाखवलं होतं. नातवाला सांगितलं. त्याला त्याच्या पणजोबांबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. त्या रविवारी फोन तासभर चालला.

आता माझं पाप. त्यानं बजावलं होतं, "आजोबा, हे तळ्याचं आहे. समुद्राला वेगळं घ्या." समुद्राचं रीळ आकारानं मोठं, खडकावरून टाकायला ६००० ते ८००० नंबरचं, माझं ४०००चं. आणि नंबरापेक्षा महत्त्वाचं म्हणजे आतले बेअरिंग आणि ड्रॅग खाऱ्या पाण्यापासून बंदिस्त हवेत. पण रत्नागिरीत मी कार्प कुठून आणू? नेलं भगवती बंदराकडच्या कातळावर. वापरून झालं की ड्रॅग घट्ट आवळून गोड्या पाण्यानं हलकं धुवायचं, जोराचा फवारा मारायचा नाही, वाळलं की ड्रॅग सैल करून ठेवायचं. सगळं वहीत लिहिलेलं. चार वेळा केलं. मग पाऊस आला, माझे गुडघे आले, आणि रीळ पडवीत खुंटीला तसंच राहिलं.

दिवाळीनंतर बाहेर काढलं. मोठ्ठा मासा लागला, बहुतेक तांबोशी. ड्रॅग चिकटून बसलेला, सुटेचना. ताडकन तंगूस तुटला. घरी आल्यावर मूठही फिरेना.

रविवारी त्यानं विचारलं, "रीळ कसं चाललंय?" मी म्हटलं, "झकास." एकदा नाही, वर्षभर. मासेही रचून सांगितले. जन्मभर पोरांच्या खोट्या सबबी पकडणारा मी!

गेल्या डिसेंबरात तो आला. पहिल्याच संध्याकाळी पडवीत गेला, रीळ खुंटीवरून काढलं, मूठ फिरवून पाहिली. मला वाटलं, विचारेल. वर्तमानपत्र पसरून तो खाली बसला आणि एकेक स्क्रू काढून ओळीनं मांडू लागला. आत पांढरं मीठ, गंजलेली स्प्रिंग. मीच म्हटलं, "फोनवर मी खोटं सांगत होतो."

"माहीत होतं," तो म्हणाला. "तुमचे मासे दर आठवड्याला मोठे होत होते."

स्प्रिंग इथं मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही बाटलीवरची गरी घेऊन कातळावर गेलो. तंगूस तर्जनीवर कसा धरायचा ते मी दाखवलं. दोनदा बोट कापून घेतलं त्यानं. उन्हं वर आल्यावर त्याला वीतभर तांबोशी लागली. त्यानं हात ओला केला, गळ हलकेच सोडवला आणि मासा पाण्यात सोडून दिला. मी काही बोललो नाही. ही घरी वाटण वाटून बसली होती, म्हणून येताना बाजारातून अर्धा किलो बांगडे घेतले.