दहा गुंठे कोळसा

म्हसवडकडे पावसाचा भरवसा नाही, वेड्या बाभळीचा आहे. पडीक रानात, बांधावर, नदीच्या कोरड्या पात्रात ती माजते आणि तोडली तर दुप्पट फुटते. तिच्या काट्यांना शिव्या द्यायच्या नि तिचाच कोळसा पाडायचा. लाकडं रचून वर पाला-माती लिंपतात. पेटवणं सोपं असतं, कसब हवा अडवण्यात. पांढरा धूर निळसर, पातळ झाला की भोकं बुजवायची घाई. एक तडा राहिला तर सकाळी नुसती राख.

प्रयोगशाळेत मातीऐवजी नायट्रोजन वायू पहारा देतो, एवढाच फरक. पण साध्या कोळशातली बारीक पोकळी तिथल्यांना पुरत नाही. 800-900 अंशांवर त्या कोळशावर वाफ सोडतात. वाफ कार्बन खाते, मागे बिळं उरतात. चांगल्या कोळशाच्या एका ग्रॅममध्ये या बिळांच्या भिंती भरतात हजारेक चौरस मीटर. अर्धा चमचा भुकटीत दहा गुंठे रान! पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सतीशचंद्र ओगले यांच्या गटाने तर कडुनिंबाची वाळकी पानं भाजून, वाफबिफ न देता, हजाराच्या वर मजल मारली. तो कार्बन वीज साठवायला होता, ते असो.

आम्हाला हे रान लागतं उत्प्रेरक म्हणून वापरायच्या धातूच्या कणांसाठी. अभिक्रिया धातूच्या पृष्ठभागावरच घडते. आतले अणू फुकट बसून असतात आणि पॅलॅडियम तर महाग. म्हणून त्याचा क्षार कोळशात मुरवून, हायड्रोजन देऊन, दोन-चार नॅनोमीटरचे कण बसवतात. खोड एकच: तापले की उन्हातल्या मेंढ्यांसारखे ते एकमेकांत डोकी खुपसून घोळका करतात. घोळका झाला की पृष्ठभाग गेला. बिळांच्या भिंती त्यांना एकमेकांपासून लांब ठेवतात. त्यातही 2 नॅनोमीटरहून अरुंद बिळात मोठा रेणू शिरतच नाही, मग आतला धातू असून नसल्यासारखा. नुसत्या क्षेत्रफळाच्या आकड्यावर भाळणाऱ्यांचं मला म्हणून नवल वाटतं.

अशा उत्प्रेरकाच्या बाटलीवर लिहितात ‘पॅलॅडियम 5 टक्के’. उरलेल्या 95 टक्क्यांचा भाव कोण विचारतो? उत्प्रेरक थकला की तो जाळतात, कारण राखेतला धातू परत हवा असतो. कधी जाळावंही लागत नाही. हायड्रोजन प्यालेली ती भुकटी गाळणीवर कोरडी पडली तर आपणहून पेट घेते. म्हणून औषधाच्या कारखान्यात ती ओलीच ठेवतात.