वारणेच्या अलीकडची मतं

कोल्हापूरहून गडमुडशिंगीकडे निघालं की गांधीनगरची कापडपेठ लागते. दुसऱ्या महायुद्धात इथल्या वळिवड्यात पोलिश निर्वासितांची छावणी होती, पुढे सिंधी कुटुंबं आली. थांबण्याजोगं पुष्कळ आहे, पण ओढ वेगळ्याच प्रश्नाची: २०२४ मध्ये कोल्हापूरच्या राजघराण्याचे प्रमुख, काँग्रेसचे शाहू छत्रपती यांना दीड लाखांहून अधिक मताधिक्य मिळालं, ते मत गादीला होतं का? या गादीचा जन्मच भाऊबंदकीतला. १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटलेल्या संभाजीपुत्र शाहूंनी खेडला काकू ताराबाईंच्या फौजेला हरवलं आणि पुढचं जवळजवळ पाव शतक मराठेच मराठ्यांशी लढले. १७३१ च्या तहाने वारणेच्या दक्षिणेला करवीरचं, म्हणजे कोल्हापूरचं, वेगळं राज्य मान्य झालं. पेशव्यांना मध्यभागी ठेवणारे इतिहासकार याला नुसता गृहकलह म्हणून उरकतात. ते पटत नाही; साताऱ्याचं राज्य १८४८ मध्ये खालसा झालं, करवीरचं १ मार्च १९४९ च्या विलीनीकरणापर्यंत टिकलं. अर्थात टिकण्यात इंग्रजांची मर्जीही होतीच. आणि पन्हाळ्यावर १७१४ मध्ये सवत राजसबाईंनी खुद्द ताराबाईंनाच बाजूला सारलं, तेव्हा वारसाहक्क निर्विवाद होता असंही नाही.

इथल्या माणसाने गादीला मुजरा केला, मत मात्र तोलून दिलं. १९५२ मध्ये कोल्हापूर-सातारा अशा जोडमतदारसंघातून, म्हणजे वारणेच्या दोन्ही काठांवरून, बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर अपक्ष म्हणून निवडून आले. यावर कुणी १९६७ चा दाखला देईल: विजयमाला राणीसाहेब खासदार झाल्याच की! झाल्या, पण शेतकरी कामगार पक्षाकडून. पक्षाची मुळं इथल्या शिवारात खोल होती, ती बाजूला ठेवून विजय एकट्या राजघराण्याच्या नावावर कसा मांडायचा? घराणंच पुरेसं असतं, तर २००९ मध्ये संभाजीराजे अपक्ष सदाशिवराव मंडलिकांकडून हरले नसते. गडमुडशिंगीकडेच पाहा: गावाच्या शिवाराला लागून राजाराम महाराजांच्या काळातला, १९३९ चा विमानतळ आहे. त्याच्या विस्तारासाठी याच गावची जमीन लागली. अशा गावात राजाचं ऋण आणि जमिनीचा मोबदला एकाच चावडीवर बोलले जाणार. म्हणून २०२४ चा कौल मला राजनिष्ठेपेक्षा शाहू महाराजांबद्दलचा आदर, आघाडीची बांधणी आणि समोरच्यावरची नाराजी यांच्या बेरजेचा वाटतो. सहाच महिन्यांत विधानसभेला जिल्ह्यातल्या दहापैकी एकही जागा महाविकास आघाडीला मिळाली नाही. कोल्हापूर उत्तरमध्ये तर काँग्रेसच्या उमेदवार, राजघराण्यातल्याच मधुरिमाराजे छत्रपतींनी ऐन माघारीच्या दिवशी अर्ज मागे घेतला आणि काँग्रेसला एका अपक्षामागे उभं राहावं लागलं.