विचारणं आणि बदलणं

कोणताही वेब फॉर्म तपासायला आला, की रंग आणि मांडणी मी नंतर बघतो. आधी बघतो ती त्याची मेथड: गेट की पोस्ट. एचटीएमएल फॉर्मला सर्व्हरकडे जायला या दोनच वाटा आहेत.

गेटमध्ये भरलेली माहिती पत्त्यातच, प्रश्नचिन्हाच्या पुढे जोडली जाते. शोधाच्या चौकटीत ‘पुणे’ लिहिलं, तर पत्त्यात त्याची टक्केचिन्हांसकट 36 अक्षरं होतात. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह 3 बाइटचं आणि पत्त्यात प्रत्येक बाइटला 3 अक्षरं. सेटिंग बदललेलं नसेल, तर अपाचे सर्व्हर विनंतीची पहिली ओळ 8190 बाइटपर्यंतच घेतो. म्हणजे मराठीतला अभिप्राय नऊशेएक चिन्हांच्या पुढे गेला, की 414 चा नकार ठरलेला. शिवाय हा पत्ता सर्व्हरच्या लॉगमध्ये आणि ब्राउझरच्या हिस्टरीत राहतो. पासवर्ड गेटने जाताना दिसला, की म्हणूनच पोटात गोळा येतो. पोस्टमध्ये माहिती विनंतीच्या बॉडीत जाते. तिथे लांबीची अडचण कमी, पण गुप्तता येते ती एचटीटीपीएसमुळेच.

खरा फरक मात्र वेगळाच आहे. गेट म्हणजे नुसतं विचारणं. त्याने सर्व्हरवरचं काही बदलायचं नाही, हा करार. त्याच्या भरवशावर ब्राउझर आणि शोधयंत्रं गेटच्या विनंत्या बिनधास्त पाठवतात. 2005 मध्ये गूगलचा वेब ॲक्सिलरेटर आला. वाचणाऱ्याने क्लिक करण्याआधीच तो पानावरच्या लिंका उघडून ठेवायचा. ज्या साइटवर ‘डिलीट’ ही साधी लिंक होती, तिथला मजकूर त्यात उडाला. लोक त्या साधनावर चिडले. माझ्या मते करार मोडला होता तो लिंक लिहिणाऱ्याने.

पोस्टलाही शिस्त लागते. ऑर्डर नोंदवून सर्व्हरने तिथेच पान दाखवलं, तर रिफ्रेश करताना तीच ऑर्डर पुन्हा जाऊ शकते. म्हणून नोंद झाली की 303 चं उत्तर द्यावं आणि ब्राउझरला गेटने पावतीच्या पानावर पाठवावं. मग कितीही वेळा रिफ्रेश केलं, तरी फक्त पावतीच पुन्हा उघडते.

हा करार सर्व्हर आपणहून पाळत नाही. गेटच्या विनंतीवर नोंद पुसायला सांगितली, तर तो मुकाट्याने पुसतो. म्हणून फॉर्म लिहिणाऱ्या प्रत्येकाला कळकळीचं सांगणं: गेटने फक्त विचारा, बदल पोस्टनेच करा, आणि चुकीच्या मेथडने आलेली विनंती 405 देऊन दारातूनच परत पाठवा.